कारळाच्या चटणीचा फोटो

अण्णा, कारळाची चटणी फोटोत राखेसारखी दिसते. लातूरच्या या भाड्याच्या घरात मी चटण्या कुटते, बरण्या भरते आणि मोबाइलवर फोटो काढून गिऱ्हाइकांना पाठवते. शेंगदाण्याची लगेच संपते. कारळाची कोणी मागत नाही. काल एका बाईंनी फोटो बघून विचारलं, "ताई, हे खायचंच आहे ना?" म्हणून आज सकाळी खिडकीला धुतलेली पांढरी चादर बांधली, बरणी तिच्या कडेला ठेवली, आणि पलीकडच्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला. चटणीवर तेलाचे चार थेंब सोडले. दाणा दाणा वेगळा दिसू लागला. हे कुठं शिकलीस असं कोणी विचारलं तर मी सांगत नाही. मुदखेडच्या तुमच्या स्टुडिओत गावोगावहून मयताच्या फोटोचं बोलावणं यायचं, हे चटणीच्या धंद्यात कोणाला सांगू?

तसल्याच बोलावण्याच्या एका घरात मी चादरीचं टोक धरून उभी आहे. खिडकीचा उजेड चादरीवरून मयताच्या चेहऱ्यावर जातो. मी फ्लॅश पुढे करते. तुम्ही तो बाजूला सारता. "फ्लॅशनं माणूस मेल्यागत दिसतो." शेजारचा म्हातारा म्हणतो, "मेलाच हाय की तो." तुम्ही त्याच्याकडे न बघता म्हणता, "फोटोत नको, मामा." मग डोळा कॅमेऱ्याला लावता आणि सवयीनं म्हणता, "हलू नका."

आज बरणीसमोर माझ्या तोंडून तेच निघालं. आतून मायनं विचारलं, "कोण आलंय?" ती बाहेर आली, बाजेवर बसली, आणि खिडकीकडे बघत म्हणाली,

"चटणीचे चाळीस फोटो काढलीस. त्यांचा एक न्हाई. फोटोवाल्याच्या घरात."

"रोल संपला होता, माय." दर वेळी हेच सांगते.

"नाक कसं होतं गं त्यांचं? मला आता आठवंना."

रोल संपला नव्हता. तुम्ही गेलात त्या दिवशी तुम्हाला ओसरीत ठेवलं होतं, कॅमेरा माझ्या गळ्यात होता, आणि सगळे म्हणत होते, तूच काढ. तुमच्या डाव्या गालावर सावली होती. मी काकांना दारातून बाजूला व्हायला सांगितलं. सावली गेली. चेहरा इतका चांगला दिसू लागला की मी नुसती बघत राहिले, मग कॅमेरा खाली घेतला. तुम्हाला मी एकटीनंच ठेवून घेतलं. तुम्हाला लिहिलेला हा कागद मायच्या हाती लागू देणार नाही.

तुमचं नाक मला नीट आठवतं. मधला उंचवटा, चष्म्याच्या दोन खुणा. तिला म्हटलं, मलाही आठवत नाही.