हाकेला ओ

४ मार्च
मुलगी तीन वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. ही म्हणते, डॉक्टरला दाखवू. मी म्हणालो, मीही उशिराच बोललो. ही म्हणाली, म्हणूनच म्हणते, दाखवू.

६ मार्च
हिने दवाखान्यात फोन लावलाच. तिथल्या बाईंनी एकच विचारलं, मुलगी हाकेला ओ देते का? अपॉइंटमेंट एप्रिलमध्ये. म्हणजे वेळ आहे. 'ओ' म्हणजे एक अक्षर, त्यात ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही. मी शाळा नववीत सोडली, पण शुद्धलेखनात कुणाला ऐकलं नाही. अर्ध्या बाजाराच्या पाट्या मी रंगवल्यात. एक अक्षर शिकवता येणार नाही?

९ मार्च, सकाळ
संकल्प : रोज सराव. आधी हाक, मग बिस्कीट. आज तिने बिस्कीट घेतलं. हाकेचं पुढे बघू.

१७ मार्च
सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोर आहे, पोपट नाही. त्यांना शिक्षणातलं काय कळतं!

२ एप्रिल
म्हणाली! पुडा कुरकुरला आणि स्वच्छ 'ओ'. हाक त्याआधी मारली की नंतर, आठवत नाही.

११ एप्रिल
दवाखाना. पाटीवर 'बालवीकास'. वी दीर्घ! इथेच माझा विश्वास उडाला. डॉक्टरबाई फरशीवर मुलीशेजारी बसल्या. प्रश्न तिला, उत्तरं मी दिली. म्हणाल्या, बाबा, परीक्षा तुमची नाही. मग त्यांनी तिला मागून हाक मारली. मी खिशातला पुडा दाबला. 'ओ!' बाई म्हणाल्या, शंका आहेत, पण हाकेला ओ देते. सहा महिन्यांनी परत बघू. ही माझ्या खिशाकडे बघत होती.

१२ एप्रिल
पास झालो. ही कालपासून बोलत नाही. घरात आता दोघीही बोलत नाहीत.

३० मे
प्रगती. पिशवी उघडा, कागद चुरगळा, लगेच 'ओ'. शेजारीण म्हणाली, पण वळून बघते कुठे? लोकांना दुसऱ्याच्या पोराचं चांगलं बघवत नाही. बिस्कीट बदलून पाहावं.

१४ ऑक्टोबर
ही सासूबाईंना घेऊन परस्पर दवाखान्यात जाऊन आली. खिशातल्या पुड्याचंही सांगितलं. डॉक्टरबाईंनी निदान दिलं : स्वमग्नता. लहान मुलांच्या थेरपीच्या वर्गात एप्रिलमध्ये जागा होती, आता भरली. पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. मी म्हणालो, पद्धत चुकली असेल, हेतू चांगला होता. ही म्हणाली, बिस्किटं तिने खाल्ली, सहा महिने तुम्ही खाल्लेत.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
नवा संकल्प : पुडा नाही, कागद नाही. मुलगी खिडकीशी पाठमोरी बसली होती. नुसती हाक मारली. उच्चार स्पष्ट होता. पुन्हा मारली. मग जरा मोठ्याने. ही आतल्या खोलीत थांबून ऐकत होती.
फार वेळ झाला, तेव्हा ओ मीच दिली.