चोरून पाहणारीचा फोटो

११ मार्च

कमळीनं आज पुन्हा मासे टाकले! स्टेटसवर. गोदावरीचे, हळद-मीठ लावून परातीत ओळीनं निजवलेले. मागून कुठलंसं तेलुगू गाणं. मी दोनदा पाह्यलं. तिसऱ्यांदा नुसती परात पाह्यली. माझ्या आईची परात आहे ती! लग्नात तिले भेटली, मले नाई.

कमळी माझी लहान बहीण. सिरोंच्याले राहते. माझ्या नातवाच्या, निकेशच्या लग्नापासून बोलत नाई. तिचं म्हणणं— "घरी अक्षत घेऊन कोणी आलं नाई, मोबाईलवर पत्रिका धाडली. अक्षत नाई त मी नाई!" माझं म्हणणं— चंद्रपूरहून सिरोंचा म्हणजे दिवसभर यष्टीत हाडं मोडून घ्यायची. आली नाई त आली नाई! आता जी आधी बोलेल ती हरली.

मी बोलत नाई. फक्त पाहते. दाराच्या फटीतून पाह्यल्यासारखं. तिले काय समजते!

१२ मार्च

हे मी बोलते न फोन लिहून घेते. माइकचं चित्र दाबायचं, बस. मले वाचता येत नाई, म्हणजे माझं गुपित माझ्यापासूनही लपून राह्यलं. नात चंचल म्हणे, "मी नाई वाचत आजी, शप्पथ." वैशाखात लग्न आहे पोरीचं. अशा दिवसांत खोटी शपथ खाणार नाई. बहुतेक.

१४ मार्च

कमळी हिरव्या साडीत. पदर मुद्दाम पुढं ओढलेला, काठ दिसावा म्हणून. काय तो दळभद्री रंग!

छान दिसते.

१५ मार्च

घात झाला!

चंचलले सहज म्हटलं, "कमळाआजीचे मासे पाह्यले काय?" तर म्हणे, "मले कुठी दिसते? ती काही टाकतच नाई." म्हटलं, रोज टाकते, तुलेच फुरसत नाई, दिवसभर त्या नवरदेवाशी गुलुगुलू! न माझा फोन तिच्यापुढं धरला. पोरगी पाहतच राह्यली.

"आजी, तू रोज पाहतं हे?"

"चोरून."

"चोरून कुठी! जो पाहते त्याचं नाव न फोटो तिकडं दिसते. खाली डोळ्याचं चित्र असते, त्याले बोट लावलं का पाहणारे सारे हजर!"

न मग हसून हसून खाटेवर लोळली.

माझा फोटो! निकेशच्या लग्नातला, नथ घातलेला, तोंडात अख्खा लाडू. म्हणजे मी समजत होती फटीतून पाहून राह्यली, न इकडे रोज सकाळी तिच्या दारात उभी राहून तोंड दाखवून राह्यली! तेही लाडू कोंबून!

जेवण गेलं नाई. दोनदाच भात घेतला.

१६ मार्च

चंचलनं काहीतरी बंद करून दिलं. आता मी पाह्यलेलं कोणाले समजणार नाई. पण अट आहे म्हणे— उद्या मी काही टाकलं, तर कोणी पाह्यलं हे मलेही दिसणार नाई. पडदा पाडला का दोन्हीकडून पडला. म्हटलं, चालते! मी काय टाकते? गुडघे?

१७ मार्च

पाह्यलं. पाय पसरून, आरामात. आज वांग्याची भाजी. कोणाले पत्ता नाई. मजा आली!

१८ मार्च

आज कमळीनं नुसता भात टाकला. पांढरा. वर वरण नाई, बाजूले मिरची नाई. हे काय दाखवणं झालं?

मजा कमी आली.

१९ मार्च

परात. घासून पालथी घातलेली. बाकी काहीच नाई.

गुणवंत, चंचलचा बाप, विचारून राह्यला होता, "मा, मावशीले पत्रिका मोबाईलवर धाडून देऊ काय?" मी अशी ओरडली का बिचाऱ्याचा चहा सांडला.

२० मार्च

आज काहीच टाकलं नाई. सकाळपासून फोन उघडून पाहून राह्यली. चंचल म्हणे, "असंल काही कामात." इतके महिने एक दिवस खाडा नाई, न आताच कोणतं काम निघालं? पडली असंल मोरीत. नाईतर ताप. विचारावं त हरते— नाई विचारावं त झोप नाई!

२१ मार्च

फोन आला! मले नाई, चंचलले. नूतनचा, कमळीच्या सुनेचा.

"मोठ्या बाई बऱ्या आहेत ना? आमच्या आत्याबाई सारख्या डोळ्याच्या चित्राले बोट लावून पाहतात. मोठ्या बाईचा फोटो काऊन नाई येत, म्हणतात. बाईले काही झालं त नाई? आत्याबाई काल जेवल्या नाईत."

मी चंचलले खूण केली, स्पीकर लाव. तर मागून कमळीचा आवाज, खणखणीत, "मी नाई विचारलं म्हण! तूच विचारलं म्हण!"

मी इकडून, "मीही नाई ऐकलं म्हण!"

मग तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तिले सर्दी लवकर होते. मलेही झाली.

२२ मार्च

तांदळाले हळद-कुंकू लावलं. उद्या पहाटेच्या यष्टीनं मी न चंचल. तिच्या लग्नाची पहिली अक्षत सिरोंच्याले.

चंचल चिडवते, "म्हणजे तू हरली ना आजी!"

म्हटलं, हरायले बोलावं लागते. मी तोंड उघडणारच नाई. अक्षत पुढं करीन न उभी राहीन. मांडवात याचं का नाई, ते तांदूळ बोलतील.

२३ मार्च, सिरोंचा

पोचली. मी अक्षत पुढं केली. कमळीनं पदरात घेतली न त्याच परातीत मले पाय धुवायले पाणी आणलं. बोललं कोणीच नाई. मग दोघी एकदमच बोललो— कोण हरलं ते आता देवाले ठाऊक!

मागं स्वयंपाकघरात नूतन हळूच म्हणे, "मोठ्या बाई, ते स्टेटस मले दिसत नाई. माझ्या नवऱ्यालेही दिसत नाई. कोणाले दिसावं त्या यादीत आत्याबाईनं पहिल्याच दिवशी माझ्याकडून एकच नाव टाकून घेतलं होतं. तुमचं."

चंचलले म्हटलं, बंद केलेलं ते आधी उघड. दिसू दे माझा फोटो. लाडवासकट.