एका चौकटीत न मावणारे मामा

शुक्रवार पेठ, सोलापूर

तीर्थस्वरूप सिद्धलिंगप्पामामांस श्रीशैलचे शरणु शरणार्थी.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अक्कलकोटचं दुकान, गुरू आणि भुवनेश्वरी दोघा पोरांची शाळा, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. (धरून चालणं हाच माझा पीएचडीतला अकरा वर्षांचा धंदा, आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.) इकडे आईचं बीपी बरं आहे, माझं नाही. अक्का तीन आठवडे झाले माझ्याशी बोलत नाही, तेव्हा काय घडलं ते तुम्हाला तरी माझ्याकडून कळावं.

माझी पीएचडी कशात आहे हे तुम्ही दर दिवाळीला विचारता आणि मी सांगायला लागलो की गिऱ्हाईक आलं म्हणून उठता. समजा, नात्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करायचं आहे. ते हातानं न लिहिता आधी त्याचा आराखडा काढायचा, म्हणजे मॉडेल. त्यावरून सॉफ्टवेअर आपोआप तयार होतं. आराखड्यात काय काय काढायची परवानगी आहे हे ठरवणारा दुसरा आराखडा, तो मेटामॉडेल. त्याच्याही वर एक असतो, तो स्वतःचे नियम स्वतःच ठरवतो (आमच्या प्राचार्यांसारखा). शिवाय जगात मुळात कोणत्या गोष्टी आहेत आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याची काटेकोर मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. हे सगळं ऐकून आई म्हणाली, "मंग काम कवा करतोस रं?" याचं उत्तर प्रबंधाच्या तीनशे पानांत कुठंही नाही.

उदाहरणाला मी आपलंच घर घेतलं. मेटामॉडेलमध्ये नियम होता की मामा वेगळा आणि नवरा वेगळा. एकाच बाईचा एकच माणूस दोन्ही असू शकत नाही. नियम परदेशी पुस्तकातला. आपल्याकडं थोरल्या बहिणीची मुलगी करून घ्यायची रीत आहे, तुम्ही अक्काचे मामाही आहात नि नवराही, हे त्या पुस्तकाला कुठून माहीत असणार? जाहीर तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी यंत्रानं कळवलं, मांडणी विसंगत आहे. विसंगत मांडणीतून काहीही सिद्ध करता येतं, तुम्हीच माझी आई आहात असंसुद्धा. नियम बदलला असता तर चार प्रकरणं पुन्हा लिहावी लागली असती. म्हणून मी तुमचं लग्न पुसलं. एक रेघ होती फक्त.

अक्का येईल असं वाटलं नव्हतं. सकाळच्या एसटीनं ती परीक्षकांसाठी शेंगापोळ्यांचा डबा घेऊन आली आणि पहिल्या रांगेत बसली. पडद्यावर घर उघडलं. तिच्या नावाच्या चौकटीत सॉफ्टवेअरनं आपणहून भरलं होतं, अविवाहित. खाली दोन मुलं. पुण्याहून आलेल्या परीक्षकबाईंनी चष्मा पुसला आणि मांडणीत कुठंही विसंगती नाही म्हणून माझं अभिनंदन केलं. (पोळ्या त्यांनी तीन खाल्ल्या.) अक्कानं रिकामा डबा पिशवीत घातला, "डॉक्टर झालास की. बरं झालं," म्हणाली आणि स्टँडवर निघून गेली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. पदवी मिळाली, पण घरात अजून पेढे कुणी आणलेले नाहीत.

आपला,
श्रीशैल

ता. क. नियम परदेशी पुस्तकातला नव्हता. पुण्यात शिकत होतो तेव्हा तुमच्या लग्नाचं सांगितलं, तर खोलीतली पोरं आठवडाभर हसत होती. तेव्हापासून मी लोकांना तुम्ही माझे दाजी एवढंच सांगत आलो. नियम मी माझ्या हातानं लिहिला. मला लाज वाटत होती, मामा. त्या दिवशी अक्का पडद्याकडं बघत नव्हती, माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला तेव्हाच कळलं असणार.

ता. क. २. तिच्या नावानं लिहिलं असतं तर माझं अक्षर बघून तिनं पाकीट उघडलं नसतं, म्हणून तुमच्या नावानं लिहिलं. वाचून दाखवू नका. ती भाकरी थापते तिथं ओट्यावर हे पत्र उघडंच ठेवा, आणि दुकानात जा.