खोकला माझ्याकडे, वाक्य तुझ्याकडे

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा आता बरा असेल आणि भाऊजींचं पथ्य तू नीट पाळत असशील (ते स्वतः पाळत नाहीत हे ठाऊक आहे) असं धरून चालतो. आम्ही देवाच्या कृपेने ठीक. लिफ्ट दुरुस्तीचं काम चालू आहे. माणसं मधेच अडकली की आधी देवाला हाका मारतात आणि मग मला; मी पोचतो तोवर बऱ्याच जणांचं नामस्मरण पुरं झालेलं असतं.

पत्राचं कारण म्हणजे गेल्या रविवारी दुपारी मी आपला बँड प्रत्यक्ष पाहिला. होय, तोच, रेडिओवर लागला की आपण भरल्या ताटावरून उठायचो तो. गोदामांच्या मागे एक छोटं नाट्यगृह आहे, जेमतेम दीडशे खुर्च्यांचं, तिथे. मी आणि तुझी भावजय शेवटच्या रांगेत होतो. पाठीला भिंत, डाव्या हाताला दार आणि दाराशी स्टुलावर बसलेला एक दारवान. दार थोडं उघडं होतं. बाहेर लख्ख ऊन, पण आत पाऊल टाकलं की ऊन आपल्यामागे कुणीतरी घडी घालून ठेवल्यासारखं नाहीसं व्हायचं.

बँड पाच जणांचा, आले चौघं. गिटार वाजवणारे वारले. त्यांची खुर्ची मात्र मांडलेली, आणि तिच्यावर गिटार टेकवलेली. गायक रंगमंचावर आले तेव्हा मला वाटलं, कुणाचे तरी आजोबा वाट चुकले. मग त्यांनी तोंड उघडलं, आणि आवाज तोच, विशीतला! त्या सुरकुतलेल्या चेहऱ्यातून तो असा येत होता, की जणू आत दुसरंच कुणीतरी राहायला आहे. (मी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. हिने शेंगदाणे काढले.) आणि गिटारची जागा आली की चौघंही हात थांबवून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचे. गिटार जेवढी वाजली असती तेवढा वेळ पूर्ण शांतता, आणि मग ड्रमच्या ठोक्यावर गाणं पुढे. लोक त्या शांततेला टाळ्या देत होते. एका बाईंनी तर डोळे पुसत शेजारणीला सांगितलं, "आज काय सुंदर वाजवलं!"

शेवटी आपलं गाणं आलं. ते आपण कसं भरून घेतलं होतं आठवतं ना? रेडिओसमोर टेपरेकॉर्डर, आणि आपण दोघं श्वास रोखून. ऐन गिटारच्या वेळी अण्णा आत आले, दोनदा खोकले, "दार लावा रे," म्हणाले, पुढे आणखी काहीतरी म्हणाले आणि त्यावर ड्रम वाजला. ते पुढचं तुलाच ऐकू यायचं, मला कधीच नाही. अण्णा गेल्यावर त्यांचा आवाज जगात तेवढाच उरला. आपणही गाणं तसंच म्हणायचो, खोकला माझ्याकडे, वाक्य तुझ्याकडे. (खोकला मूळ गाण्यात नाही हे मला विसाव्या वर्षी कळलं, तेही भर लग्नाच्या पंगतीत.)

तर गिटारची जागा आली. सगळं नाट्यगृह चिडीचूप. आणि माझा घसा मला न विचारता दोनदा खोकला. दीडशे माना वळल्या. हिने घाईघाईने खोकल्याची गोळी माझ्या तोंडात कोंबली. त्याच क्षणी माझ्या पाठीमागून, जिथे नुसती भिंत आहे तिथून, आवाज आला, "दार लावा रे." अण्णांचाच, किंचित घोगरा, निम्मा रागाचा आणि निम्मा मायेचा. पुढेही काहीतरी होतं. पण ड्रम वाजला.

दारवान उठला आणि त्याने निमूटपणे दार लावलं.

खेळ संपल्यावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "दार लावायला कोण म्हणालं हो?" तो म्हणाला, "म्हणजे काय! तुम्हीच दटावलंत की. तेही असं, की मी कुणी शाळकरी पोरगा आहे." ही मधेच म्हणाली, "अहो, यांच्या तोंडात गोळी होती, ओठ मिटलेले होते, मी बघत होते ना!" मी हिला गप्प केलं आणि त्याला विचारलं, "बरं, मीच म्हणालो. पण पुढे काय म्हणालो?" त्याने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. म्हणाला, "काका, ड्रममध्ये ऐकू आलं नाही. तुम्हीच आठवा." आणि तो माझ्यापासून दोन पावलं मागे सरला.

त्या दिवसापासून मी घरात खोकत नाही. जपून राहा. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. ती कॅसेट घर बदलताना हरवली असं मी तुला वीस वर्षं सांगत आलोय. ती हरवली नाही. एका लिफ्टची मोटर विचित्र घरघरत होती, ती साहेबांना ऐकवायची होती म्हणून हाताला लागली ती कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. घरघर फार स्वच्छ भरली गेली. साहेब म्हणाले, "बेअरिंग गेलंय." तेव्हापासून अण्णांच्या जागी ते बेअरिंगच आहे. त्याखाली काही उरलंय का, हे कान लावून पुष्कळदा ऐकून झालं. काही नाही. तू मोठी आहेस, हवं तेवढं रागाव.

आणखी एक. रागावून झालं की अण्णांचं पुढचं वाक्य तेवढं लिहून पाठव. ते तुझ्याकडेच होतं. आणि तुलाही आठवत नसेल तर तसं मुळीच लिहू नकोस, सरळ निघून ये. येत्या रविवारी दुपारी बँडचा शेवटचा खेळ आहे. शेवटच्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवलीय. खोकण्याचं मी बघतो.