आधी आला तो थोरला

४ फेब्रुवारी, मंगळवार
टक् – टक् – टक्! मास्तरांची पट्टी टेबलाच्या कडेवर आपटायची आणि आम्ही चाळीस पोरं कवितेची ओळ हेल काढून म्हणायचो. साठ-बासष्ट वर्षांपूर्वीचा तो आवाज आज सायकलच्या दुकानावरच्या हॉलमध्ये जसाच्या तसा ऐकला. डॉक्टर म्हणाले होते, "गुडघ्यांना जरा कामाला लावा, आजोबा." म्हणून संथ कुंग फूच्या वर्गात गेलो. शिकवणाऱ्या बाई ताल धरायला जमिनीवर काठी आपटतात. मी भान विसरून हेल काढणार, तेवढ्यात पहिल्या रांगेत कोण दिसावं? धाकटा!

माझा सख्खा भाऊ. अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. त्यानं माझं पाचवीचं कवितांचं पुस्तक रद्दीत घातलं. चुकून, म्हणे. चुकून!

५ फेब्रुवारी
बाईंनी कुंग फूच्या शाळेचा चिनी रिवाज सांगितला. आधी आला तो थोरला, वय बघायचं नाही. नव्या माणसानं आपल्या थोरल्यापुढे वाकून 'दादा' म्हणायचं, मगच पहिली बैठक. धाकटा इथं माझ्या दोन महिने आधी आलेला. बाईंनी मला नेमका त्याच्याच हाताखाली दिला.

"म्हणा, आजोबा."
"अहो, हा माझ्याहून चार वर्षांनी लहान! शेंबूड पुसलाय मी याचा!"
"इथं आधी कोण आलं?"

जन्मभर तो मला दादा म्हणत आला. आता मी त्याला? तडक घरी आलो. चप्पल तिथंच राहिली.

८ फेब्रुवारी
वर्गाला गेलो नाही. गुडघे. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार
गेलो. खोटं कशाला लिहू – गुडघ्यांसाठी नाही गेलो. तो पहिल्या रांगेत होता त्या दिवशी, पाठीत जरा वाकलेला. तेच डोळ्यांपुढून जाईना.

डोळे घट्ट मिटले, वाकलो, 'दादा' म्हणालो. डोळे उघडले तर समोर सायकलवाला! बिचारा पंखा दुरुस्त करायला वर आला होता. "सुखी राहा," म्हणाला. बाई म्हणाल्या, "हा नमस्कार धरला जाणार नाही. पुन्हा!"

दुसऱ्यांदा डोळे उघडे ठेवून म्हणालो. धाकट्यानं रिवाजाप्रमाणे माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "कंबर खाली घे."

अकरा वर्षांनी पहिलं वाक्य – कंबर खाली घे!

१८ फेब्रुवारी, मंगळवार
थोरलेपण चढलंय त्याला. "धाकट्या, पाठ ताठ." "धाकट्या, बगळ्यासारखे पंख पसर म्हटलं, कपडे वाळत घालायला नाही सांगितलं."

बगळ्याची मुद्रा एका पायावर करायची असते. आमच्या पुस्तकात बगळ्यावर एक कविता होती. ती मनात म्हणत उभा राहिलो. तिसऱ्या कडव्यावर अडलो, आणि तोल गेला. धाकट्यानं काखेत हात घालून धरलं. "काय झालं?"
"तिसरं कडवं आठवेना."
त्यानं म्हणून दाखवलं. चौथंही. तेही हेल काढून, मला तसाच उभा धरून!
"तुला कसं पाठ?"
"तू रोज पहाटे बोंबलायचास. मला झोपू कुठं दिलंस?"
बाईंनी दोघांना कोपऱ्यात उभं केलं. एका पायावर.

२० फेब्रुवारी
धाकटा घरी आला. चहा अर्थात मी केला, नियमच तसा. त्यानं सात कविता सांगितल्या, मी उतरवून घेतल्या. मग अक्काला फोन लावला. अक्का आम्हां दोघांहून मोठी, एक्याऐंशीची, एकटी राहते. अकरा वर्षं दोघांना वेगवेगळं झापत आली. "माझ्याकडे राहायला ये," म्हटलं की ठरलेलं उत्तर – "धाकट्यांच्या दारात मी जायची नाही." आज मात्र आमची थोरल्या-धाकट्याची उलटापालट ऐकून खोकला लागेपर्यंत हसली. बाईंचा नंबर मागून घेतला. रागवायलाच असणार!

२५ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी दार वाजलं. उघडतो तर अक्का! मागं टॅक्सीवाला तिची ट्रंक उतरवतोय. मी नमस्काराला वाकणार, तर तीच माझ्यापुढे वाकली. कमरेला हात लावून, हळूहळू.

"काल फोनवरून नाव घातलं तुमच्या शाळेत. बाई म्हणाल्या, आता सगळ्यांत धाकटी मीच."

मग जमिनीकडे बघत म्हणाली, "दादा, एकटीला जमत नाही रे आता."