गादीवाल्यांच्या साइटवरचा नंबर

३ मार्च, सोमवार

गादीवाले पुन्हा बॉसच्या डोक्यावर बसले. "तुमची साइट उघडेपर्यंत गिऱ्हाईक झोपून जातं — तेही गादी न घेता!" साइट अर्थातच माझ्या गळ्यात.

उघडून बघितलं. गाद्यांची मापं, भरावाचे प्रकार, गल्लीबोळांसकट घरपोच दर, दुकानाचा फोन नंबर — जे जे सहसा बदलत नाही ते सगळं एका अगडबंब पीएचपी फाइलमध्ये, एका ओळीला एक कॉन्स्टंट. कुणी कुठलंही पान उघडलं की सर्व्हर बिचारा पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळं वाचत बसतो! रोज सकाळी उठून घरच्यांची नावं नव्याने पाठ करावीत तसं.

४ मार्च, मंगळवार

जमलं! सगळे कॉन्स्टंट एकदाच वाचायचे आणि गठ्ठा बांधून सर्व्हरच्या मेमरीत, म्हणजे कॅशेत, ठेवून द्यायचे. पुढच्या वेळी आधी कॅशेत बघायचं. तिथे सापडले तर फाइलकडे ढुंकूनही बघायचं नाही. पान चुटकीसरशी उघडतंय. बॉस चक्क "वा" म्हणाला.

साइटवरचं फोनचं बटण तपासायला सकाळीच दुकानाच्या नंबरच्या जागी बाबांचा टाकला होता. मला पाठ असलेला तेवढा एकच. बाबांनी उचलला. म्हटलं, गादीवाल्यांची साइट तपासतेय. "हं. बरं आहे. ठेवतो." आई गेल्यापासून त्यांचं बोलणं एवढंच. फार वाईट वाटतं. एकटे राहतात, दिवसभर कुणाशी बोलत असतील?

फाइलमध्ये दुकानाचा नंबर परत टाकला आणि घरी आले.

९ मार्च, रविवार

बाबांचा फोन बिझी. अर्ध्या तासाने केला — बिझी! आमचे बाबा?

१६ मार्च, रविवार

पुन्हा बिझी. शेवटी लागला. आवाज एकदम टवटवीत! "जेवलीस का? पाठ काय म्हणतेय तुझी?" माझ्या पाठीची चौकशी आजवर कुणीही केलेली नाही. "एवढं कुणाशी बोलत होतात?" म्हटलं, तर — "असतात लोक."

लोक! लगेच दादाला कळवलं. तो म्हणे, मैत्रीण असेल, तू नाक खुपसू नकोस.

२० मार्च, गुरुवार

गादीवाले आले. खूश, पण चक्रावलेले. "फोन एकही येत नाही, आणि दुकानात गर्दी! येतात ते ठरवूनच येतात. कुशीवर झोपणाऱ्याने मऊ घ्यावी, पाठ दुखत असेल तर जरा कडक — म्हणे फोनवरच्या काकांनी सांगितलं. अहो, कोण काका?"

माझा चहा हातातच राहिला. साइट उघडली — बाबांचा नंबर! फाइल उघडली — दुकानाचा. मीच बजावून ठेवलं होतं ना, फाइलकडे ढुंकूनही बघायचं नाही म्हणून! सर्व्हरने इमानेइतबारे पाळलं. नंबर बदलल्यावर कॅशे रिकामी करायची असते हे न सुचलेली बाई इतके दिवस स्वतःची पाठ थोपटून घेत होती.

कॅशे रिकामी केली. नंबर जागेवर आला. बाबांना केवढा ताप झाला असेल! फोन करायचं धाडसच होईना.

२३ मार्च, रविवार

आज पहिल्याच रिंगला उचलला. "फोन बिघडलाय का गं? तीन दिवस झाले, कुणाचाच आला नाही."

सगळं सांगून टाकलं, माफी मागितली. तर बाबा म्हणाले, "तुझाच घोळ आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सांगितलं असतं तर तू लगेच दुरुस्त केला असतास."