मापाचा ब्लाउज

आई, तू शिवलेला माझा मापाचा ब्लाउज माझ्या मापाचा नव्हता. आमच्या इथे कर्वेनगरात शिवणकाम करणाऱ्या बाईंनी गेल्या गुरुवारी टेप लावून हे नक्की केलं. आज दुपारी अस्तराच्या कापडाची कच्ची ट्रायल अंगात घातल्यावर माझ्याही मनात शंका उरली नाही. तू जाऊन एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी जिथे जिथे ब्लाउज शिवायला टाकले, तिथे तोच एक पिशवीत घालून नेला. निळा, टू बाय टू कापडाचा, मला वर्तमानपत्रात नोकरी लागली तेव्हा तू शिवलेला. पहिली काही वर्षं वापरला, मग विरायला लागला तसा फक्त मापाला ठेवला. शिंपी बदलले, मी पेठेतून इकडे राहायला आले, पण मापाचा ब्लाउज दिला की कोणी टेप काढत नाही, हे तुला मी काय सांगणार. तूच म्हणायचीस, बाईनं मापाचा दिला की तिच्या अंगाकडं बघायचं न्हाई, ब्लाउजकडं बघायचं. वय वाढलं तसं छातीत आणि दंडात इंच-दीड इंच वाढवून घेतलं. खांदा, गळा, उंची, सगळं तुझ्या कात्रीचंच राहिलं.

हे उघड झालं ते एका फोटोमुळे. रविवारच्या पुरवणीत माझं सदर गेली अकरा वर्षं येतंय, बिनफोटोचं. नवे संपादक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत. त्यांनी ठरवलं की प्रत्येक सदरावर लिहिणाऱ्याचा चेहरा हवा. मी दोनदा टाळलं, एकदा ताप आला म्हणून आणि एकदा येणार होता म्हणून. तिसऱ्यांदा ते म्हणाले की ताई, वाचकांना वाटायला लागलंय तुम्ही नाहीच आहात. मग आमच्याकडची फोटो काढणारी मुलगी माझ्या टेबलापाशी आली. तिनं संगणकावर माझे जुने फोटो शोधून काढले होते, कार्यक्रमांतले, पत्रकार परिषदांमधले, कोपऱ्यात कुठेतरी उभी असलेली मी. ती म्हणाली, "मॅम, रागावू नका, पण एकाही फोटोत तुमचा डावा हात फ्री नाहीये. सगळीकडे तुम्ही खांदाच पकडलाय."

खरं होतं. डावा खांदा घसरतो म्हणून हात तिथे जातो. इतका सवयीनं जातो की आमच्या कचेरीत नवीन आलेली मुलं मागून माझी नक्कल करतात, हे मला माहीत आहे. माझे खांदे पडके आहेत, असं मी कॉलेजात असल्यापासून धरून चालले होते. पडक्या खांद्याच्या बाईनं काय करावं? पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यावा, रंग बिस्किटी नाहीतर राखाडी घ्यावा, लग्नाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत उभं राहावं. मी ते सगळं केलं, आणि इतकं नेमानं केलं की लोकांनी त्याला साधेपणा म्हणायला सुरुवात केली. एका सत्कारात एक गृहस्थ माझ्या साधेपणावर पाच मिनिटं बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. तो साधेपणा नव्हता गं. मी खांदे झाकत होते.

तर फोटोसाठी म्हणून दोन कापडं घेतली आणि शिवायला टाकायला गेले. नेहमीचे शिंपी गावी गेले होते, म्हणून सोसायटीतल्या एकीनं या बाईंकडे पाठवलं. त्या साधारण चाळिशीच्या असतील. तळमजल्यावरचा एक फ्लॅट, हॉलमध्ये दोन मशीन. त्यांनी तुझा निळा ब्लाउज उलटापालटा केला, टेबलावर पसरला, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत ब्लाउजकडे. हा कोणाचा, असं विचारलं. माझाच, म्हटलं. त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि म्हणाल्या, पदर काढा जरा. मी सांगून पाहिलं की सगळे याच्यावरूनच शिवतात, कधी अडचण आली नाही. त्यांनी माझ्या पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत टेप धरली, मग तीच ब्लाउजवर धरली. ब्लाउज दीड इंचानं रुंद. पुढे छातीवरचे टक्स, त्या शिवलेल्या चुण्या, त्याही जिथे यायला हव्यात तिथे नव्हत्या.

मी म्हटलं, माझे खांदेच पडके आहेत हो.

"खांदे चांगले सरळ आहेत तुमचे," त्या म्हणाल्या. "ब्लाउज पडकाय."

पुढे म्हणाल्या की हा शिवलाय मात्र कोणीतरी हुशार बाईनं, काजं बघा कशी आहेत. फक्त तुमच्यासाठी नाही शिवलेला. मी निळा परत पिशवीत घातला. घरी आले आणि ट्रंकेतली तुझी चॉकलेटी साडी काढली. तिच्या घडीत तुझा एक ब्लाउज आहे, मी ठेवलेला एवढाच. पलंगावर तो पसरला, त्यावर निळा ठेवला. दोन्हींचा खांदा, बाही, मागचा गळा, सगळं जुळलं. बोटभरही फरक नाही. मापाचा म्हणून मी एकतीस वर्षं जो गावभर फिरवला, ते तुझं माप होतं.

मंडईच्या मागच्या आपल्या दोन खोल्या आठवतात. बाहेरच्या खोलीत मशीन, मध्ये पडदा, पडद्याच्या अलीकडे स्टोव्ह आणि मी. दादा सकाळी मंडईत लिंबं, आलं, मिरची घेऊन गाळ्यावर बसायचे आणि तू पेठेतल्या बायकांची वाट बघत मशीनला तेल घालायचीस. तुझ्या दोन बोल्या होत्या. त्यांच्याशी "आहे", आमच्याशी गावाकडचं, धायरीचं "हाय". माप घेताना तू आकडा कधी मोठ्यानं वाचला नाहीस. टेप धरायचीस, डोळे बारीक करायचीस आणि वहीत लिहून वही पालथी ठेवायचीस. एकदा एका बाईनं विचारलं, किती आलं हो कंबरेत, तर तू म्हणालीस, तुमचं तुम्हाला पुरतंय तेवढं आलं. ती हसली, तिचा आकडा वहीतच राहिला. ट्रायलच्या वेळी मी पडद्याआड भूगोलाचं पुस्तक उघडून बसलेली असायचे. हुक लावल्याचा आवाज यायचा, तू आरशासमोरून बाजूला व्हायचीस आणि म्हणायचीस, "शोभतंय तुम्हाला." जाड बायकांना म्हणायचीस, काळ्या बायकांना, पाठीवर भाजल्याची खूण असलेल्या त्या शाळेतल्या शिक्षिकेलाही. आणि खोटं वाटायचं नाही. त्या जाताना जिना वेगळ्या पावलांनी उतरायच्या. मी ऐकलंय ते.

आमचं माप मात्र तू कधी घेतलं नाहीस. घरच्यांना टेप लावायची नाही, घरच्यांचं माप डोळ्यांत असतं, असं तू म्हणायचीस. तो तुझा नियमच होता. सणाच्या आधी गिऱ्हाइकांचं सगळं संपलं की उरलेल्या वेळात आमचे कपडे, तेही एका बैठकीत. त्या घाईत तू खुंटीला टांगलेलं तुझंच कागदी कटिंग घेतलं असणार आणि माझ्या कापडावर ठेवलं असणार. मी अंगानं बारीक म्हणून फार तर कुशीत थोडं दाबलंस. एवढं मला कळतं. पण तुला दिसलं नसेल का? रस्त्यानं जाणाऱ्या बाईचा ब्लाउज मानेत अर्धा इंच चुकला तर तू मागे वळून बघायचीस. मी रोज समोर वावरत होते.

त्या दिवसाचं मी तुला कधी विचारलं नाही, तूही विषय कधी काढला नाहीस. मी सतरा वर्षांची आहे. तू खाली बटणं आणायला गेली आहेस. शनिवार पेठेतल्या एका बाईंचा मोरपंखी रंगाचा ब्लाउज इस्त्री करून ठेवलाय, छोट्या बाहीचा, मागे खोल गळ्याचा. गिऱ्हाइकाचं कापड अंगाला लावायचं नाही, हे आपल्या घरात देवाच्या ताटाला पाय लावू नये तसं होतं. मी तो घातला. कपाटाच्या आरशात एक मुलगी उभी होती, तिची मान लांब होती आणि खांदे ताठ. मी तिच्याकडे बघत राहिले. किती वेळ ते माहीत नाही, कारण दारात तू होतीस आणि तुझ्या मागे त्याच बाई, ठरल्यापेक्षा तासभर लवकर आलेल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बसलाय हो छान. आता साडीही हिलाच पाठवून देऊ का?"

तू त्यांची किती वेळा माफी मागितलीस. ब्लाउज पुन्हा धुऊन, इस्त्री करून तू स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिलास. त्या नंतर कधी आल्या नाहीत. दोन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तसलं न्हाई शोभत तुला. पुन्हा घालायचं न्हाई." मी हो म्हटलं. आणि खरंच पुन्हा घातलं नाही. गिऱ्हाईक तुटलं म्हणून तू रागावली होतीस, का पोरगी आरशात बघायला लागली म्हणून घाबरली होतीस, का नुसतं चारचौघांत पाणउतारा झाला म्हणून बोललीस? बातमी असती तर मी दुसरीकडून विचारून घेतलं असतं. इथे दुजोरा देणारं आता कोणी नाही. दादाही गेले.

निळ्या ब्लाउजचा दिवस मात्र मला लख्ख आठवतो. नोकरीचं पत्र आलं, त्या आठवड्यात तू लक्ष्मी रोडवरून कापड आणलंस, न सांगता. मी पहिल्या दिवशी निघताना तो घातला. तू काजाजवळचा सुटा दोरा दातांनी तोडलास, खांद्यावरून हात फिरवलास आणि पदर ओढून दोन्ही खांद्यांवर घेतलास. मी थांबले होते. आज सांगते, मी मुद्दाम थांबले होते, तू ते वाक्य म्हणशील म्हणून. तू म्हणालीस, उशीर व्हायला लागलाय, जा. वर्षभरात तू आजारी पडलीस, आणि मग सगळंच घाईत झालं.

आज दुपारी ट्रायलला गेले. नुसतं पांढरं अस्तर, कच्ची शिलाई, बाही अजून एकच लावलेली. बाईंनी मागून टाचण्या लावल्या आणि आरसा माझ्याकडे फिरवला. मी छप्पन्न वर्षांची आहे, केस निम्मे पांढरे आहेत, गळ्याला सुरकुत्या आहेत. पण मान लांब आहे. खांदे सरळ आहेत, ते सतराव्या वर्षीही सरळच होते. माझा डावा हात खाली होता, बराच वेळ खालीच राहिला. मी छान दिसत होते. वर्णनातलं असलं वाक्य मी दुसऱ्या कोणाच्या मजकुरातून बेधडक काढून टाकलं असतं, पण हे राहू दे. बाई काही म्हणाल्या नाहीत, त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. मी वाट बघत होते, त्यांच्या बोलण्याची नव्हे.

आणि लगेच दुसरं एक वाटलं, तेही लिहिते. एकतीस वर्षं तुझे खांदे माझ्या अंगावर होते. सैल होते, घसरत होते, पण तुझे होते. रोज दहा-वीस वेळा मी हात वर नेऊन ते सावरत होते, आणि मला वाटायचं मी स्वतःला झाकतेय. आता ते उतरवायचे. मला हवा होता तसा ब्लाउज मिळतोय, आणि परत येताना रिक्षात मला तुझी इतकी आठवण आली की रिक्षावाल्याला वळण सांगायचं राहून गेलं. तो कोथरूडच्या पुलापर्यंत गेला, मग म्हणाला, "मॅडम, आपल्याला नक्की जायचंय कुठं?"

हे पत्र कोणाला दाखवण्याचा विचार नाही. तुझा ब्लाउज साडीच्या घडीत परत ठेवलाय. निळा आज ट्रायलला परत नेला होता, तो बाईंकडेच राहिला, मी मागितला नाही. फोटो सोमवारी अकरा वाजता आहे, तो पुरवणीत येईल. शनिवारी संध्याकाळी पाचला पहिला ब्लाउज तयार मिळेल, माझ्या मापाचा. दुसऱ्या कापडाचं मी अजून काही सांगितलेलं नाही. बाई म्हणाल्या, पहिला घालून बघा, मग ठरवू हा कशावरून कापायचा. शनिवारी त्या विचारतील. मी 'माझ्याच मापानं' म्हणेन, अशी अपेक्षा आहे.